दोन उंबऱ्यांमधला कोंडिबा

पोराचं वय विचारून कळत नाही. ही गोष्ट मला सरकारनं शिकवली नाही, पायतणं झिजवून मी शिकलो. आईला विचारलं तर ती म्हणायची, थोरल्या पुराच्या साली झालाय. बापाला विचारलं तर तो म्हणायचा, आमची तांबडी गाय याली त्याच्या आदल्या सुगीला. आता ती गाय कधी याली हे कुणी सांगायचं? म्हणून आम्ही वय पोराच्या अंगावरच वाचायचो. उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेऊन डावा कान धरता आला आणि पुढचे दोन दात पडलेले दिसले, की लिहायचं सात, म्हणजे शाळेचं वय.

गावांना हे कळायला वेळ लागला नाही. मी दिसलो की पोरांच्या माना आखडायच्या आणि हात लुळे पडायचे. एका बाईनं तर आपल्या लेकाला इतकं पढवून ठेवलं होतं, की त्याला पलीकडचाच काय, हाताखालचा कानसुद्धा सापडेना. तिथं मलाच हसू आवरलं नाही. मग ती बाई हसली, पोरगं हसलं, आणि हसताना पडलेले दोन दात दिसले. लिहिलं सात.

या आठवणींच्या अंकाच्या संपादकांनी सांगितलंय, नोकरीची सालं आणि बढत्या लिहू नका, माणसं लिहा. बरंच झालं. बढत्या फार नव्हत्याच.

महाराजांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या वेळी मी राजधानीत, मंगळवार पेठेत राहत होतो. मराठी सातवी पास, अक्षर वळणदार, पाय मजबूत. मला हजेरी कारकून म्हणून घेतलं ते अक्षरापेक्षा पाय बघूनच घेतलं असावं. महाराजांना मी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिलं, दोन्ही वेळा लांबून. पण त्यांचा हुकूम पिशवीत घेऊन मी चिखल तुडवत फिरलो, त्यामुळं आमची ओळख होती असं मला आजही वाटतं.

काम साधं होतं. आधी गावोगाव घरटी फिरून शाळेच्या वयाच्या पोरांची यादी करायची. ती यादी शाळेत द्यायची. मग दर महिन्याला हेडमास्तर गैरहजर पोरांची नावं काढून ठेवणार, आणि मी त्या त्या घरी जाऊन विचारणार, पोरगं कुठाय? आजारी असेल, ओढ्याला पाणी असेल, तर तसं लिहायचं. कारण खोटं निघालं तर नोटीस, आणि नोटिशीलाही दाद दिली नाही तर मामलेदार कचेरीत दंड. लोकांना वाटायचं मी दंडासाठीच फिरतो. दंड झाला म्हणजे आपलं काम फसलं, असं मी धरून चालायचो. गावं मला 'पोरपकड्या' म्हणायची. आया रडक्या पोरांना माझं नाव सांगून गप्प करायच्या, आणि त्याच आया पुन्हा मलाच पाण्याचा तांब्या आणून द्यायच्या.

कारणं तरी किती ऐकावीत. गुऱ्हाळ सुरू झालं की सगळ्या गावाच्या पोरांचं पोट एकाच दिवशी दुखायचं, आणि काहिलीभोवती गेलं की ती पोटं दुखणारी पोरं तोंडाला काकवी फासून उभी. गगनबावड्याकडं रोपलावणीला पाऊस इतका, की शाळेच्या वाटेवरचा ओढा दोन-दोन महिने उतरत नसे. तिथं मी कधी कुणाला बोललो नाही. सगळ्यांत खपणारं कारण म्हणजे 'आजोळी गेलाय'. मी आजोळचं गाव विचारून तिथल्या मास्तरांना चिठ्ठी टाकायचो. उत्तर यायचं, इथं आलेला नाही. एका बहाद्दरानं तर तपासणीच्या दिवशी बहिणीचं पोरगं आणून आपल्या पोराच्या जागी बसवलं. नाव पुकारल्यावर पोरगं 'हजर' म्हणालं ते बरोबर, पण मागल्या महिन्यात पडलेले दात एवढ्यात आलेत कसे, हे त्याला सांगता येईना.

आमच्या पेठेतल्या तालमीतले वस्ताद मात्र माझ्या पाठीशी उभे राहिले. शाळा बुडवून पोरं आखाड्यात लपतात म्हणून मी तक्रार घेऊन गेलो होतो, तोंड सोडायच्या तयारीनंच. वस्तादांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून नियम केला, पाटीवर आजचा धडा दाखवायचा, मगच लंगोट कसायचा. माझ्या दहा नोटिशींनी झालं नसतं ते त्या एका नियमानं झालं. वस्तादांचे उपकार मी अजून मानतो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच खरं म्हणजे एवढं लिहायला बसलोय.

गगनबावड्याच्या वाटेवर एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथली यादी मी स्वतः केली होती, आणि माझी यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असा माझा तोरा होता. त्याच भागात साळुंखे म्हणून एक देवी टोचणारे फिरायचे. त्यांची वही वेगळी, माझी वेगळी. एकदा एकाच चावडीत मुक्काम पडला, सकाळी चहा घेताना त्यांनी माझी यादी मागून घेतली, आपली वही उघडली आणि बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "गणपतराव, तुमच्यात एक पोरगं कमी हाय."

मी उसळलो. कुणा पाव्हण्याचं पोर टोचलं असेल म्हणालो. साळुंखे थंड माणूस. त्यांनी वही माझ्यापुढं केली. लिहिलं होतं, कोंडिबा, आणि पुढं, अमिनाबीच्या घरचा. शेजारच्या ओळीत सरूबाईचं घर, तिथं मूल नाही.

आणि मला ती दुपार आठवली. यादी करायला गेलो होतो तेव्हाची. सरूबाईच्या दारात एक पोरगं शेंगा फोडत बसलं होतं. सरूबाई म्हणजे तुका गाडीवानाची बायको. मुलं किती असं विचारलं, तर एक बी न्हाय म्हणाली. मग हा कुणाचा? तर शेजारच्या चाचीचा. शेजारी अमिनाबी, नालबंदाची विधवा, वाकळा शिवून पोट भरणारी. तिला विचारलं, हा तुमचा? ती म्हणाली, न्हाय, त्या घरचा. ऊन मरणाचं होतं, पुढं वीस घरं बाकी होती. दोन्हीकडून नाही आलं, म्हणून मी दोन्हीकडं काही लिहिलं नाही. पोरगं समोर बसून शेंगा खातंय आणि मी त्याला ओलांडून पुढं गेलो. म्हणजे वर्षभर ते पोरगं शाळेच्या वयाचं असून कुठल्याच यादीत नव्हतं. शाळेनं त्याला बोलावलं नाही, मी त्याला शोधलं नाही.

चूक आपली असली की माणूस दुसऱ्यावर जास्त चिडतो. मी तसाच चहा टाकून सरूबाईच्या दारात गेलो आणि नको ते बोललो. सरकारला फसवता काय, पोरगं लपवता काय, नोटीस काढू काय. पाटलाला बोलवायची भाषा केली. सरूबाई पदर तोंडाला लावून आत गेली. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

तेवढ्यात शेजारच्या दारातून अमिनाबी आली. हातात सुई-दोरा तसाच. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत.

"ओ पावणं," ती म्हणाली, "आवाज खाली घ्या. चार लेकरं मातीत घातल्यात तिनं. तुम्ही काय तिला नोटिशीचं भ्या घालताय?"

मी उंबऱ्यावर बसलो. मग तिनं सगळं सांगितलं.

सरूबाईची चार मुलं पाठोपाठ गेली. पाचवं झालं तेव्हा पाचवीच्या दिवशी तिनं ते सुपात घातलं आणि अमिनाबीच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. अमिनाबीनं मूठभर कोंडा दिला आणि पोरगं विकत घेतलं. म्हणून नाव कोंडिबा. ही रीत आपल्याकडं नवी नाही. मूल आपलं नाही असं आईनं म्हटलं की मरणाला त्या घराचा पत्ता लागत नाही, अशी समजूत. मग विकत घेणारी बाई ते मूल सांभाळायला म्हणून परत आईकडं देते. सरूबाईनं त्याला अंगावर पाजलं, न्हाऊमाखू घातलं, रात्रंदिवस जपलं, पण आठ वर्षांत एकदाही माझा म्हटलं नाही. हाक मारायची ती सुद्धा 'चाचीच्या पोरा' म्हणून. नवऱ्यालाही तिनं तीच शपथ घातली होती.

मी अमिनाबीला विचारलं, मग तुम्ही तरी त्या दिवशी माझा म्हणायचं होतं.

ती म्हणाली, "माझा कसा म्हणू? तिच्या काळजाचा तुकडा हाय त्यो. कोंड्याच्या मुठीवर मी त्येच्यावर मालकी सांगू व्हय?"

म्हणजे त्या दुपारी दोघीही खरं बोलल्या होत्या. खोटी झाली ती माझी यादी.

आता लिहायचं काय? सरूबाई दाराआडून एवढंच म्हणत होती की सरकारी वहीत माझ्या नावापुढं त्याचं नाव नको, लिहिलं की कळतंय. कुणाला कळतंय ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. दुसरीकडं तुका वाट बघत होता, पोरगं जरा उंच झालं की बैलांपुढं चालायला घ्यायचं. यादीत नाव नाही म्हणजे कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणखी वर्षभरात पोरगं गुळाच्या गाडीबरोबर पेठेच्या वाटेला लागलं असतं, आणि ते माझ्या हलगर्जीपणानं.

त्या दिवशी मला कायद्याचा एक शब्द उपयोगी पडला. आईबाप अगर पालक. मी अमिनाबीला विचारलं, तुम्ही पालक म्हणून उभ्या राहाल का? मालकी नाही, फक्त पोरगं शाळेत पाठवायची जबाबदारी. ती म्हणाली, जबाबदारी व्हय, ती तर घेतलीच हाय की. मी पटावर लिहिलं, कोंडिबा, आणि पालकाच्या रकान्यात अमिनाबी, शेजारीण. हेडमास्तर म्हणाले, हिंदूच्या पोराला मुसलमान बाई पालक, वरून विचारणा होईल. मी म्हणालो, विचारणा झाली तर माझ्याकडं पाठवा. माझा आवाज अजून चढलेलाच होता. तुकाला मी नोटीस दाखवली नाही. नुसतं सांगितलं, तुझ्या शेजारणीनं हमी घेतलीय, तिला खाली बघायला लावू नकोस. तो मान हलवून गेला.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. देवळापुढं पिंपळाचा पार. दुसऱ्या दिवसापासून अमिनाबी कोंडिबाचा हात धरून येऊ लागली. पाराच्या कडेला वाकळंचा तुकडा घेऊन बसायची, सुई चालायची, कान देवळाकडं. हजेरी सुरू व्हायची. कोंडिबाचं नाव पुकारलं, तो 'हजर' म्हणाला, की ही सुई खोचून उठायची आणि घरी जायची. रोज, न चुकता. हेडमास्तर आधी कुरकुरले, मग त्यांनाही सवय झाली. एकदा तिला दोन-तीन दिवस ताप होता, तेव्हा हजेरी घेता घेता मास्तर पाराकडं बघून थबकले, असं त्यांनीच मला सांगितलं. सरूबाई मात्र शाळेच्या वाटेला यायची नाही. पोरगं शाळेतून येताना दिसलं की ती भिंतीआड व्हायची, कुणी म्हणेल बघा तुमचा लेक आला, या भीतीनं.

मी महिन्याला जायचो. कोंडिबा बाराखडी उरकून पाढ्यांना लागला होता. अमिनाबीला एक अक्षर येत नव्हतं, पण पोरगं पाढा म्हणताना चुकलं की तिला कळायचं. म्हणायची, सूर मोडला की वो. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

त्याच साली दिवाळीच्या आसपास मानमोडीची साथ आली. ताप, खोकला, आणि दोन-चार दिवसांत धडधाकट माणूस आडवं. शाळा बंद झाल्या. मीही महिनाभर अंथरुणाला होतो, वाचलो. बरा होऊन पहिल्यांदा फिरतीवर निघालो तेव्हा कामच असलं मिळालं होतं की सांगायला नको. गावोगाव पट उघडायचे आणि गेलेल्या पोरांची नावं कमी करायची. पोरं मिळवायला फिरलेला माणूस मी.

त्या गावात पोचलो. हेडमास्तरांनी पट पुढं केला. तीन पोरं गेली होती. कोंडिबाच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, पोरगं वाचलंय, तापातून उठलंय. पण पालक गेली.

मी बाहेर बघितलं. पार रिकामा होता.

आमचा नियम असा होता की पालक मयत झाला तर नव्या पालकानं समक्ष, आपल्या तोंडानं सांगायचं, मी पालक. तसं कुणी सांगितलं नाही तर नाव पटावरून कमी. हेडमास्तर म्हणाले, ती बाई काही म्हणायची नाही, आणि नवरा बायकोच्या शपथेबाहेर नाही. मी वाटेनं जाताना ठरवून टाकलं, कुणीच म्हटलं नाही तर रकान्यात माझं नाव घालायचं. कारकुनाला तसं करता येत नाही हे मला ठाऊक होतं. नोकरी गेली तर गेली. वर्षभर पोरगं हरवलं होतं ते माझ्यामुळं, दुसऱ्यांदा हरवू द्यायचं नव्हतं.

सरूबाईच्या दारात गेलो. कोंडिबा भिंतीला टेकून उन्हात बसला होता. गाल बसलेले, डोळे मोठे दिसत होते. मांडीवर पाटी. शेजारचं दार बंद, कडीला दोरी बांधलेली. याच दारात मागं ओरडलो होतो ते आठवून मी आवाज शक्य तेवढा खाली घेतला. अमिनाबीचा शेवट कसा झाला विचारलं. सरूबाई म्हणाली, दोघांना शेजारी शेजारी निजवलं होतं, चाचीला आणि पोराला. चाची सारखी विचारत होती, शाळा उघडली का.

मग मी पट उघडला आणि म्हणालो, सरूबाई, पालकाच्या जागी नाव लिहावं लागतंय. तुम्हाला जड असेल तर बोलू नका. माझ्या मनात एक तोड आहे.

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. मी खिशातून दौत काढली, टाक बुडवला, आपलं नाव लिहायला. तेवढ्यात ती बाहेर आली. हातात सूप, सुपात मूठभर कोंडा. माझ्यापुढून ती शेजारच्या बंद दाराशी गेली, खाली बसली, तो कोंडा तिनं अमिनाबीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि उंबऱ्याला डोकं टेकवलं. कोंडिबा पाटी खाली ठेवून बघत होता.

मग उठली, माझ्यापुढं आली. आज पदर तोंडाला नव्हता.

"लिवा," ती म्हणाली. "माझा हाय त्यो."

इतकंच. पण ते ऐकून पोरानं आईकडं असं बघितलं, की मला मान खाली घालून लिहिणं भाग पडलं. माझं अक्षर वळणदार म्हणून मी सांगितलं ना, त्या ओळीत ते हललंय. मरणाला पत्ता लागतो म्हणून आठ वर्षं तोंड शिवून बसलेली बाई, मरण नुकतंच शेजारच्या घरातून गेलेलं असताना, माझा म्हणाली. इतकं धाडस मी माझ्या नोकरीत दुसरं पाहिलं नाही.

जुन्या पालकाच्या नावावर काट मारायचा नियम होता. मी मारली नाही. अमिनाबीच्या नावाखाली सरूबाईचं नाव लिहिलं. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवून विचारलं, एका पोराला दोन पालक कसे, यातली खरी कोण? मी सांगितलं, साहेब, दोघीही. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि पान उलटलं. त्यांचेही आभार.

कोंडिबा पुढं फायनल पास झाला, मास्तर झाला, आता त्याचीही पेन्शन जवळ आली असेल. दर दिवाळीला त्याचं कार्ड येतं. अशी किती पोरं माझ्या वहीतून निसटली असतील, हे मला ठाऊक नाही, आणि ते टोचतं. पण एक सापडलं ते त्या दोन बायकांमुळं, आणि थंड डोक्याच्या साळुंख्यांमुळं. मी फक्त टाक धरला होता.

सरूबाईचं नाव लिहिलं त्या खेपेला मी गावातच मुक्काम केला होता. सकाळी शाळा उघडली. साथीनंतरचा पहिला दिवस, देवळात निम्मीच पोरं. मी हेडमास्तरांच्या शेजारी बसलो होतो. कोंडिबा भिंत धरत धरत आला आणि आपल्या जागेवर बसला. हजेरी सुरू झाली. तीन नावांवर मास्तर थांबले, पुढं गेले. मग कोंडिबाचं नाव आलं. तो म्हणाला, हजर. आवाज अशक्त होता, म्हणून मास्तरांनी पुन्हा पुकारलं. त्यानं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं, हजर.

मी सवयीनं बाहेर पाराकडं बघितलं. कडेला, अमिनाबीच्या जागी, सरूबाई बसली होती. तिनं ते ऐकलं, पदर सावरला, आणि उठून घरी गेली.